गृहीत धरलेली दाढ

सोमवारी सकाळी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सत्त्याऐंशी गोष्टी गृहीत धरायला सांगितल्या. मुदत महिनाअखेर.

आमची कंपनी अकरा माणसांची. आम्ही डेटाबेसचं साठवण-इंजिन बनवतो. हे वाक्य मी आजवर अनेक समारंभांत उच्चारलं आहे, आणि दर वेळी ऐकणाऱ्यानं "वा!" म्हणून दुसऱ्याच कोणाशी तरी बोलायला सुरुवात केली आहे. म्हणून सोपं करून सांगतो. डेटाबेस म्हणजे दुकान मानलं, तर आम्ही म्हणजे त्याच्या मागचं गोदाम. गिऱ्हाईक गोदामात कधी पाऊल टाकत नाही, गोदामवाल्याचं नावही त्याला ठाऊक नसतं. पण माल सापडला नाही की शिव्या मात्र मागे पोचतात.

तर या इंजिनाला सत्त्याऐंशी कळा आहेत. दुखण्याच्या नव्हेत, फिरवण्याच्या. दुखण्याच्या नंतर सुरू झाल्या. मेमरी किती वापरायची, जुना कचरा कधी आवरायचा, लिहिलेलं डिस्कवर केव्हा उतरवायचं, अशी एकेक कळ. ग्राहकानं प्रत्येक कळ आपापल्या गरजेप्रमाणे फिरवावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ग्राहक एकही कळ फिरवत नाही. माहितीपुस्तक उघडत नाही. ते ज्या पिशवीतून आलं ती पिशवी मात्र जपून ठेवतो.

"म्हणून ग्राहकानं काहीच सांगितलं नाही, तर इंजिनानं काय समजून चालायचं, हे आधीच नीट ठरलेलं हवं," मॅडम म्हणाल्या. "शहाणपणानं ठरलेलं. तुम्ही इथे सगळ्यांत जुने आहात."

'अनुभवी' म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, पण मी ते मनाला लावून घेतलं नाही. एकोणीस वर्षांत कंपनीनं माझ्यावर सोपवलेला हा पहिलाच निर्णय होता. याआधी पाण्याच्या यंत्राची जागा मी ठरवली होती, पण ती नंतर बदलली.

घरी आल्यावर ही बातमी मी शक्य तेवढ्या सहजपणे सांगितली.

"म्हणजे नक्की काय करणार तुम्ही?" बायकोनं विचारलं.

"ज्यांनी काहीच ठरवलेलं नाही, त्यांच्या वतीनं मी ठरवणार. कोणी काही बोललं नाही, तर काय गृहीत धरायचं ते."

"गृहीत धरायचं," बायको म्हणाली. "अगदी योग्य माणूस निवडलाय त्यांनी. सव्वीस वर्षांचा अनुभव आहे तुम्हाला."

सासरे शेजारी बसून पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली आणि "हो" म्हणाले. यात माझ्याविरुद्ध काही नव्हतं. सासऱ्यांना कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र आहे, पण ते झिजू नये म्हणून कपाटात असतं. त्यामुळे जे ऐकू येत नाही त्या प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणायचं, असा त्यांचा शिरस्ता आहे, आणि त्यावर त्यांचं उत्तम चाललं होतं. तोवर तरी चाललं होतं. त्यांचं सध्याचं एकमेव दुःख म्हणजे वरची उजवी दाढ. ही साधी दाढ नव्हे. तोंडात एकूण नऊ दात उरलेले, आणि त्यांतली वरची-खालची समोरासमोर येणारी जोडी ही एकच. "बाकीचे सगळे वेगवेगळ्या गल्लीत राहतात," सासरे म्हणतात, "हे दोघंच काय ते एकमेकांशी बोलतात." पंधरा दिवसांपूर्वी समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाईंनी ही दाढ काढावी लागेल असं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून सासरे घरात शोक पाळत होते.

असो. मी सत्त्याऐंशी कळांची यादी छापून आणली आणि कामाला लागलो.

निर्णय घेणाऱ्या माणसाला एकटं सोडत नाहीत, हे मला दोन दिवसांत कळलं. खालच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहतात. जिन्यात त्यांनी माझ्या हातातले कागद पाहिले, आणि मग ते माझ्या हातात राहिले नाहीत.

"'लिहिलेली नोंद डिस्कवर केव्हा उतरवावी,'" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "हा काय प्रश्न झाला?"

मी समजावलं. नोंद आली की इंजिन ती आधी मेमरीत ठेवतं, म्हणजे डोक्यात. डिस्कवर उतरवणं म्हणजे वहीत लिहिणं. प्रत्येक नोंद लगेच वहीत लिहिली तर काम सुरक्षित, पण हळू. पाच मिनिटांच्या नोंदी साठवून एकदम लिहिल्या तर काम झपाझप.

"आणि त्या पाच मिनिटांत डोकं बंद पडलं तर?"

"पाच मिनिटांत होऊन होऊन काय होणार, मास्तर?"

"अहो, रजिस्टर पत्र हातात घेतलं की आधी शिक्का, मग नोंद, मग पावती, आणि मग समोरच्याला 'कसे आहात' विचारायचं. चौतीस वर्षं केलंय. मधे एकदा एकाला आधी 'कसे आहात' विचारलं. तो सांगत बसला. ते पत्र अजून मिळालेलं नाही."

मी मास्तरांना वंदन करून पुढे निघालो. जुनी माणसं. त्यांच्या काळी वेगाला किंमत नव्हती.

कोपऱ्यावरच्या शिंप्याचा सल्ला मला जास्त पटला. पँट अल्टर करायला टाकताना मी सहज विषय काढला (त्या आठवड्यात मी तो सगळीकडेच सहज काढत होतो). तो तोंडातली टाचणी न काढता म्हणाला, "गिऱ्हाईक काही बोललं नाही, तर मी बाही लांब ठेवतो. लांब असली तर कापता येते, साहेब. आखूड झाली तर दोघांनी रडायचं." हे वाक्य मी यादीच्या मागे लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि नंतर त्याच्या नेमकं उलट वागलो.

कारण आमचा विक्रीवाला. याचं टेबल माझ्या टेबलाला लागून आहे, आणि त्याच्या पडद्यावर कायम एक तक्ता असतो. बाजारातली सहा इंजिनं, एका सेकंदात कोण किती नोंदी घेतं त्याच्या उभ्या पट्ट्या. आमची पट्टी खालून दुसरी.

"दादा, तुम्ही फक्त ती पाच मिनिटांची कळ फिरवा," तो म्हणाला. "बघा, बघा पट्टी कशी जाते वर!"

मी फिरवली. पट्टी वर गेली. सहातली दुसरी! खोटं कशाला बोलू, ती पट्टी वर जाताना पाहून मला जो आनंद झाला, तो मुलीचा दहावीचा निकाल पाहतानाही झाला नव्हता. तिथे मी थोडा घाबरलेलो होतो.

यादी पूर्ण झाली आणि मंजुरीसाठी गेली. आमच्याकडे मंजुरीचा एक फॉर्म असतो; तो चार जणांकडे जातो, आणि तीन दिवसांत त्यांनी 'हरकत नाही' असं कळवायचं असतं. तीन दिवस कोणीच काही कळवलं नाही. मला वाटलं, चला, मौन म्हणजे संमती. चौथ्या दिवशी फॉर्म आपोआप परत आला. वर शिक्का: 'उत्तर न आल्यास हरकत आहे असे गृहीत धरण्यात येते. प्रस्ताव नामंजूर.'

माझं डोकं फिरलं. जगभरच्या ग्राहकांसाठी शहाणपणाची गृहीतकं ठरवणाऱ्या माणसाला घरच्याच फॉर्मच्या एका मूर्ख गृहीतकानं नामंजूर करावं! मी तावातावानं हिशेबनिसांच्या टेबलामागचं ते लोखंडी कपाट उघडायला लावलं. हा नियम कोणत्या गाढवानं केला, ते मला पाहायचंच होतं. अकरा वर्षांपूर्वीचा कागद सापडला. खाली सही होती. सही सुवाच्य होती. शाळेत मला हस्ताक्षराचं बक्षीस होतं.

मी कपाट हळूच बंद केलं आणि चावी आभार मानून परत दिली.

त्याच कागदात पुढे लिहिलं होतं (मीच लिहिलं होतं) की नामंजूर प्रस्ताव पुन्हा पाठवायचा असेल, तर आधी तो एखाद्या खऱ्या ग्राहकाकडे आठवडाभर चालवून दाखवावा. आता खरा ग्राहक आणायचा कुठून? बायको म्हणाली, "समोरच्या दवाखान्यात विचारा ना. त्यांच्याकडे तुमचंच काहीतरी आहे ना?"

होतं. दवाखान्याची पेशंटांची नोंदवही आमच्याच जुन्या इंजिनावर चालते. हा दवाखाना नवरा-बायको मिळून चालवतात. सकाळी डॉक्टरीणबाई, दुपारनंतर डॉक्टर. दुपारी त्या जातात तेव्हा हे आलेले नसतात, हे येतात तेव्हा त्या गेलेल्या असतात, आणि घरी दोघंही थकलेले असतात. त्यामुळे गेली काही वर्षं दोघांचं बोलणं मुख्यतः नोंदवहीतून होतं. "पेशंट ४: मुळं साफ केली. पेशंट ५: टोपी बसवणे. येताना दूध." काउंटरवर एक काकू बसतात. एकही पेशंट त्यांना ओलांडून आत गेल्याचं कोणाला आठवत नाही.

मी नवं इंजिन बसवून दिलं. काकू खूश. "पूर्वी नाव टाकलं की चक्र फिरत बसायचं. आता कसं, टाकलं की झालं!" तीन दिवस मी येता-जाता दवाखान्यात डोकावत होतो, 'कसं चाललंय' म्हणून विचारत होतो, आणि काकू पेशंटांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, "यांनी केलंय हे." चौथ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून डोकावलो.

पाचवा दिवस बुधवार. दुपारी एकच्या सुमारास बायकोचा ऑफिसात फोन आला. तिचा आवाज आनंदानं चिरकत होता. "अहो, बाबांची दाढ वाचली! आज पुन्हा फोटो काढला. बाई म्हणाल्या, मूळ भक्कम आहे, काढायची गरज नाही, नुसती भरायची. चारला बोलावलंय. तुम्ही लवकर येऊन त्यांना घेऊन जाल का? मला बँकेत काम आहे."

मी चारला सासऱ्यांना घेऊन गेलो. ते हसतमुख होते. डोक्याला तेल लावलं होतं. यंत्र कपाटात होतं. त्यांना आत खुर्चीत बसवून मी बाहेर काकूंशी वेगाबद्दल बोलू लागलो.

"स्पीड झक्कास आहे हो," काकू म्हणाल्या. "फक्त एक आहे. माझी सवय अशी, की एक वाजता जेवायला उठले की भिंतीवरची सगळी बटणं बंद. पंखा, दिवा, मशीन, सगळं. विजेचा काय भरवसा! जुन्या मशीनला चालायचं. हे नवीन परत चालू केलं की 'मी नीट बंद झालो नव्हतो' असं काहीतरी रडतं. तुम्ही त्याला जरा समजवा."

मी हसलो. हसता हसता माझं लक्ष काउंटरवरच्या पडद्याकडे गेलं. सासऱ्यांचं पान उघडं होतं. तिथे महिन्याभरापूर्वीची एकच ओळ होती: 'वरची उजवी दाढ – काढणे.'

"काकू, बाईंनी आजची नोंद कधी टाकली?"

"तुमच्या सासऱ्यांची? तेच तर शेवटचे पेशंट. त्यांचं लिहून झालं, बाई गेल्या, मी बटणं बंद केली."

"म्हणजे किती मिनिटांनी?"

"मिनिटं कसली? लगेच!"

पाच मिनिटांत होऊन होऊन काय होणार, या प्रश्नाचं उत्तर मला त्या क्षणी मिळालं. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "काय आजोबा, काढून टाकू या ना आज?" आणि त्यापाठोपाठ सासऱ्यांचा प्रसन्न, खणखणीत "हो!"

मी काकूंना ओलांडून आत गेलो. या दवाखान्याच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं, आणि काकू तशा अर्थाचं काहीतरी ओरडल्याही. आत डॉक्टरांच्या हातात चिमटा होता. सासऱ्यांचा उजवा गाल इंजेक्शननं झोपलेला होता, आणि डाव्या गालानं ते माझ्याकडे पाहून हसत होते.

"थांबा! ती काढायची नाही! ती भरायची आहे!"

"नातेवाइकांनी बाहेर बसायचं," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "वहीत काढायची लिहिलंय."

"वहीत चुकीचं आहे."

"माझी बायको नोंदीत चूक करत नाही. बाकी कुठेही करेल."

आता बोलल्यावाचून गत्यंतर नव्हतं. "त्यांची चूक नाही, डॉक्टर. वहीची आहे. म्हणजे माझी. मी वहीला पाच मिनिटं थांबून मग लिहायला सांगितलं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे, एखाद्या दाताकडे पाहावं तसं पाहिलं. "का?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तक्ता लागला असता. तो विक्रीवाल्याकडे होता.

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला आणि फोन लावून स्पीकरवर टाकला. "त्या आजोबांचं काय ते? काढायची की नाही?"

"नाही! भरायची! लिहिलंय ना मी!" डॉक्टरीणबाई.

"लिहिलेलं नाही."

"लिहिलंय! तुम्ही वाचतच नाही. मागच्या आठवड्यात दूधही लिहिलं होतं."

"दूध आणलं होतं मी!"

"कोणतं आणलं होतं?"

बाहेरच्या बाकांवरचे पाच पेशंट दारात येऊन उभे राहिले. मी मधे पडलो आणि म्हणालो, "अहो, तुम्हा दोघांचंही बरोबर आहे. त्यांनी लिहिलं होतं, आणि तुम्हाला ते दिसलं नाही." नवरा-बायकोच्या भांडणात दोघंही बरोबर आहेत असं सांगणाऱ्या माणसाचं जे होतं, ते माझं झालं. पुढची दहा मिनिटं ते दोघं पूर्ण एकमतानं माझ्याशी बोलले. काकूंनी मग दारात उभं राहून समारोप केला: "यांनी केलंय हे."

दाढ भरली गेली. बाहेर आल्यावर मी सासऱ्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं. कमीत कमी एवढं तरी मी त्यांना देणं लागत होतो. ते रस्त्यात थांबले. बधिर गालावर हात ठेवून, जड जिभेनं, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "म्हणजे... मी हो म्हणालो... तेव्हा त्यानं... काढायची विचारलं होतं?"

"हो."

 त्यांनी माझा दंड धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. पोस्टमास्तर जिन्यात उभेच होते. त्यांना बातमी कशी पोचली होती कोण जाणे. जुन्या खात्याची काहीतरी सोय असावी.  त्यांनी नुसता हवेत एक शिक्का मारला.

गुरुवारी मी पाच मिनिटांची कळ उलटी फिरवली: प्रत्येक नोंद लगेच डिस्कवर, मगच ग्राहकाला 'झालं' म्हणायचं. पट्टी कोसळली. सहातली पाचवी, म्हणजे जिथून निघाली होती तिथेच. विक्रीवाला पडद्यासमोर उभा राहून तिच्याकडे बघत होता.

"दादा, हे कोणाला विकायचं मी?"

"ज्याचं काही हरवू नये असं वाटतं, त्याला."

"असा ग्राहक मी अजून पाहिलेला नाही. सगळ्यांना पट्टी दिसते."

फॉर्म मी या वेळी पाठवला नाही. हातात घेऊन चारही टेबलांवर फिरलो आणि प्रत्येकाला दाढेची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. हिशेबनीस म्हणाले, त्यांच्या मेव्हण्याची तर चुकीची काढलीच होती. चाचणीवाल्या बाईंनी सही करता करता त्या काकूंची जेवणाची वेळ विचारून घेतली; आता आमच्या चाचण्यांत रोज एक वाजता कोणीतरी भिंतीवरचं बटण बंद करतं. मग मॅडम.

"वेग निम्म्याच्याही खाली येतोय," त्या म्हणाल्या. "कारणाचा रकाना रिकामा आहे. काहीतरी तांत्रिक कारण लिहा."

मी लिहिलं: 'सासऱ्यांची दाढ.'

मॅडमनी ते वाचलं. मग जिभेनं आतून आपला डावा गाल चाचपला. आणि सही केली. विक्रीवाला दारातून सगळं ऐकत होता. त्यानं त्या दवाखान्याचा नंबर मागितला; त्याची अक्कलदाढ येत होती. नंबर घेऊन चौथी सही त्यानं केली.

माझ्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. फॉर्ममधला कारणाचा रकाना आमच्याकडे जसाच्या तसा माहितीपुस्तकात छापला जातो. नवं इंजिन बाहेर पडलं, सगळीकडे गेलं, आणि पान एकेचाळीसवर अठ्ठाविसाव्या कळेपुढे छापून आलं: 'लगेच उतरवणे: चालू. ही कळ बदलू नये. कारण: सासऱ्यांची दाढ.'

माहितीपुस्तक कोणी वाचत नाही यावर माझी श्रद्धा होती. ती खोटी ठरली. ग्राहकांची पत्रं येऊ लागली. एकानं विचारलं, दाढ चालू ठेवल्यास मेमरी किती लागते. दुसऱ्या एका कंपनीनं आपल्या माणसांना पत्रक काढून 'वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही दाढ बंद करू नये' अशी ताकीद दिली. एक प्राध्यापक दाढ या शब्दाची तांत्रिक व्युत्पत्ती शोधत होते; त्यांना मॅडमनी परस्पर काहीतरी कळवलं.

आणि गेल्या महिन्यात एका बियाण्यांच्या कोठारातून पत्र आलं. तिथे भर कामात वीज गेली, तीही एकदा नाही, दिवसात सहा वेळा. चारशे शेतकऱ्यांच्या पोत्यांच्या नोंदी चालू होत्या. कोठारवाल्या बाईंनी लिहिलं होतं की वीज आल्यावर पाहिलं तर एकही नोंद गेलेली नव्हती. शेवटचं पोतं वीज जायच्या क्षणी टाकलं होतं, तेसुद्धा होतं. खाली ताजा कलम: 'पुस्तकात वाचलं. सासऱ्यांची दाढ आता कशी आहे?'

पत्र मी घरी आणून सासऱ्यांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, कपाटाकडे गेले, यंत्र काढून कानात बसवलं आणि मला समोर बसवून म्हणाले, "घ्या लिहायला. लगेच. मी बोलतो तसं."

मी लिहायला घेतलं.

"बाईंना नमस्कार," सासरे म्हणाले. "दाढ सुखरूप आहे. अधूनमधून गार लागतं, पण या वयात ते सगळ्यांनाच लागतं."